चौतिसाव्या मजल्यावरची गच्ची

गच्चीशी माझे नाते फार जुने आहे. रिसोडकडच्या आमच्या गावातले घर धाब्याचे. उन्हाळ्यात त्या धाब्यावर कुरडया वाळत. त्यांची राखण आम्हा मुलांकडे असे, आणि निम्म्या कुरडया ओल्या असतानाच आमच्या पोटात जात. रात्री तिथेच अंथरुणे पडत आणि थोरले बंधू व मी चांदण्या मोजता मोजता झोपी जात असू. तेव्हा २०१९ च्या डिसेंबरात मुंबईत माझा पुतण्या मला म्हणाला, "काका, आज तुम्हाला एका गच्चीवर नेतो," यात मला वावगे असे काहीच वाटले नाही.

मुंबईला मी गेलो होतो एका चर्चासत्रासाठी. पण वहिनींनी माझ्यावर आणखी एक कामगिरी सोपवली होती. लेकासाठी शेवयांचा डबा माझ्या हाती देत त्या हळूच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, पोट्टं कुठं जाते-येते, काय खाते-पिते, जरा पाहून घ्याल." यातल्या 'पिते'वरचा जोर मराठीच्या प्राध्यापकाच्या कानातून निसटणे शक्यच नव्हते! वाशीमहून अकोला आणि अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेस, एवढा सारा प्रवास मी स्वतःला गुप्तहेर समजून केला.

संध्याकाळी पुतण्या म्हणाला, "काका, चपला नको, बूट घाला." गच्चीवर जायला बूट! माझ्या मनात शंकेची पहिली पाल चुकचुकली ती तेव्हा. वरळीच्या फोर सीझन्स हॉटेलात आम्ही शिरलो, लिफ्टमध्ये माझ्या कानांना दडे बसले, आणि दार उघडले ते चौतिसाव्या मजल्यावर.

डोक्यावर छप्पर नव्हते, एवढे मात्र आमच्या धाब्यासारखेच होते. बाकी सारे निराळे. खाली दिव्यांचा सडा पडलेला. एका बाजूला काळाभोर समुद्र, आणि त्यातून वांद्र्याकडे निघालेला सागरी सेतू. हा साडेपाच किलोमीटरांचा पूल २००९ साली खुला झाला, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण वरून तो एखाद्या वीणेच्या तारा ताणून ठेवाव्यात तसा दिसत होता. आसपास तरुण-तरुणी ऐसपैस बसलेल्या होत्या. त्यांच्या हातांतले पेले पाहिले, आणि ही गच्ची कोणत्या जातीची आहे ते मला उमगले.

दरपत्रक मी मोबाइलच्या उजेडात वाचले आणि मनातल्या मनात त्याचा सोयाबीनमध्ये तर्जुमा केला. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,७१० रुपये होता, आणि परतीच्या पावसाने आमच्याकडे शेंगा झाडावरच काळ्या पडल्या होत्या. आम्हा दोघांचे बिल क्विंटलभर सोयाबीनच्या घरात जाणार, असे दिसत होते.

"काका, मी एक बीअर घेतो. चालेल ना?" पुतण्या म्हणाला. माझा चेहरा पाहून त्याने पुढे जोडले, "लपवायचंच असतं तर तुम्हाला इथं आणलंच नसतं."

मी लिंबाचे सरबत मागवले आणि विचारात पडलो. मुलगा सव्वीस वर्षांचा, बीअरला कायद्याने एकवीस पुरेत. मग माझे मन कशाने अवघडले होते?

आमच्या पिढीला ठाऊक आहे ती परमिट रूम. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागू झाला, आणि कागदोपत्री तो आजही लागतो. त्या परवान्यावरून हे नाव पडले. दाराला जाड पडदा, आत मिणमिणता दिवा, आणि बाहेर पडताना तोंडात वेलची! बाजाराच्या दिवशी थोरले बंधू रिसोडहून वेलची चघळत परततात, ती पचनासाठी नव्हे, हे घरात सर्वांना माहीत आहे. आणि सर्वांना माहीत असल्याचे कुणालाच माहीत नाही.

आणि मी? नोकरीला लागलो त्या वर्षी एका मित्राने मलाही त्या पडद्याआड नेले होते. शेजारच्या टेबलावर माझ्याच एका विद्यार्थ्याचे वडील बसले होते. आम्ही दोघेही त्या पडद्याकडे टक लावून बसलो, जणू नाटक आता सुरू होणार होते! दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमची भेट झाली, तेव्हा प्रथमच भेटत असल्यासारखा आम्ही एकमेकांना नमस्कार केला. ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला सांगितली, ती त्या रात्री पुतण्याला. तो खळखळून हसला. मग मीही.

पण लगेच वहिनी आठवल्या. गावातले दुकान बंद करण्यासाठी मतदान झाले तेव्हा त्यांनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला होता. बाटलीपायी मोडलेले संसार त्यांनी जवळून पाहिलेले आहेत. चौतिसाव्या मजल्यावर पेल्याला प्रतिष्ठा आली, म्हणून खाली वस्तीतल्या बाईची भीती खोटी ठरत नाही.

"आईला काय सांगाल?" पुतण्याने विचारले.

"तूच सांग, काय सांगू?"

"जे पाहिलं ते."

तो एका पेल्यावरच थांबला. उठताना डब्यातल्या शेवयांची खीर कशी करायची, हे त्याने आईला फोन करून विचारले.

गावी परतलो. वहिनींनी चहा पुढे ठेवला. "कुठं नेलं होतं पोट्ट्यानं?"

"गच्चीवर," मी म्हणालो.

"अगं बाई! गच्ची पाहायला एवढ्या दूर?" त्या हसल्या आणि निर्धास्त मनाने स्वयंपाकघरात गेल्या. बाजेवर पहुडलेल्या बंधूंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि कूस बदलली.

मी खोटे बोललो नव्हतो. पण पोराने उघड्या आकाशाखाली जे केले, त्यावर परमिट रूमचा तो जाड पडदा मीच ओढला होता. वेलची न खाताही माझ्या तोंडाला तिचा वास येत होता.

दिवाळीत हा अंक आमच्या घरी येतो, आणि फराळाचे आटोपले की सर्वांआधी वहिनी तो वाचतात. वहिनी, गच्चीवर नेले होते हे खरे. बाकीचे आज सांगितले. बंधूंबद्दल लिहिले ते तुम्हाला नवे नसणार. पण तुमचा मुलगा पितो तेव्हा सांगून पितो आणि थांबतोही, हे मात्र मी तेव्हाच सांगायला हवे होते.