आठवे गाणे

सुरात सूर मिसळायला मी आपल्या वसतिगृहात शिकलो. पुढे बारा वर्षे एका वाद्यवृंदात गायलो. मतभेद झाले आणि बाहेर पडलो. स्वतःचा पहिला अल्बम हाती घेतला खरा. पण सात गाणी झाली आणि आठवे अडले. ध्रुवपद संपताच सोबत्यांचा सूर येणार, ही कानाची सवय. आता तेथे शांतता होती आणि तिचेच भय वाटे.

त्या दिवसांत पॉल मॅकार्टनी यांच्या पहिल्या एकल अल्बमने धीर दिला. बीटल्स दुभंगत असताना, डिसेंबर १९६९ मध्ये, त्यांनी लंडनमधील राहत्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रण आरंभले. सारी वाद्ये स्वतः वाजवली. आवाजाची साथ केवळ पत्नी लिंडा यांची. यंत्र तपासण्यासाठी गायलेले, मिनिटभराचेही नसलेले गाणे त्यांनी आरंभीच ठेवले. १७ एप्रिल १९७० रोजी अल्बम प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक समीक्षकांना तो अपुरा वाटला. पण ते अपुरेपण त्यांनी झाकले नव्हते.

मीही ती रिकामी जागा उसन्या आवाजांनी भरली नाही. आठवे गाणे तसेच पूर्ण केले आणि पहिली प्रत वाद्यवृंदातील ढोलकीवादक मित्राला पाठवली. वर्षभर आमचे बोलणे नव्हते. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, “शेवटच्या गाण्यात जागा ठेवलीस ना, तिथं मी घरी वाजवून पाहिलं.”