कपाटातल्या निळ्या गोळ्या

मागच्या वर्षी चिकलठाण्यातल्या एका शाळेत मी संशोधन सहायक म्हणून जायचे. काम साधं. उंची, वजन, बोटातून रक्ताचा थेंब, आकडा फॉर्मवर. सातवीतल्या बारा वर्षांच्या एका पोरीचं हिमोग्लोबिन आलं 7.6. या वयात 12 तरी हवं; 8 च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, थेट दवाखाना. मी आकडा लिहिला आणि म्हटलं, "चल, पुढची."

रात्री झोप लागेना. आपण लेकरू तपासलं की फॉर्म भरला?

दुसऱ्या दिवशी तिला गाठलं. "गोळी घेतेस का गं?"

"ताई, उपाशीपोटी मळमळतं. कुणीच घेत नाही."

आई-बाप एमआयडीसीत पहिल्या पाळीला, पोरगी नुसत्या चहावर शाळेत. लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, सरकारकडून फुकट. डबा कपाटात पडून! गोळी जेवणानंतर द्यायची असते, आणि खिचडी तर शाळेतच शिजते. बाईंशी बोलले. सोमवारपासून खिचडीनंतर गोळी सुरू झाली. त्या पोरीला आई घाटीत घेऊन गेली, एक रोज बुडवून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 सांगतं, देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मीही असेच आकडे गोळा करत होते. आकड्यामागचं लेकरू तेवढं सुटत होतं.

पालकहो, आज घरी एवढंच विचारा: गोळी मिळाली का? जेवणाआधी की नंतर?