चिमणीचे मोल

लाकडाच्या वखारींवरून ज्याला नाव पडले, त्या लकडगंजात जानेवारी उजाडला की पतंगांची लगबग सुरू होते. संक्रांतीला गच्च्या माणसांनी भरून जातात आणि ‘ओ काट!’च्या आरोळ्यांनी आकाश दुमदुमते. हा आनंद निर्मळ आहे. आपली मुलेही त्यात असतात, आणि असावीत. परंतु सण सरल्यावर झाडांवर व विजेच्या तारांवर जो मांजा मागे राहतो, त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

एका वर्षी संक्रांतीनंतर भाविकांच्या भेटीगाठींसाठी त्या बाजूने जात असता एका लिंबाखाली गर्दी दिसली. उंच फांदीला एक घार उलटी लटकत होती. सुटण्यासाठी ती जितकी धडपडे, तितका पंखाभोवतीचा फास आत रुते. अग्निशमन दलाचे जवान शिडी घेऊन आले. त्यांच्यापैकी एकाने दोरा अलगद कापला व तिला गोणपाटात गुंडाळून खाली आणले. गर्दीतील एका मुलाच्या हातात चक्री होती. त्याला कोणी काहीच बोलले नव्हते. तरी त्याने ती हळूच पाठीमागे नेली.

सुती दोरा ताण पडला की तुटतो, पावसात कुजतो. नायलॉनचा मांजा तुटत नाही आणि कुजतही नाही. सण संपल्यावर कित्येक महिने तो फांद्यांत फास होऊन राहतो. पंखाचे कातडे व स्नायू त्याने चिरले गेले की जखम भरूनही पक्षी पुन्हा उडेलच, याची शाश्वती नसते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये अशा मांजावर देशभर बंदी घातली. तरीही जानेवारी 2021 मध्ये नागपुरात दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुणाचा गळा मांजाने कापला जाऊन त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

“माणसे उपाशी असताना पाखरांची काळजी कशाला, फादर?” असे कोणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही माणसाच्या दुःखनिवारणाचा पैसा प्राण्यांवर उधळू नये, असे बजावले आहे. परंतु प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. येथे तर पैशाचा प्रश्नच नाही. मांजा विकत न घेतला की झाले. शिवाय घारीचा पंख कापणारा दोराच माणसाचा गळा कापतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराचा पहिला आशीर्वाद माणसाला नव्हे, तर जलचरांना आणि पाखरांना लाभला आहे. प्रभू येशूनेही, कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमणीचा पित्याला विसर पडत नाही, असे आपल्या शिष्यांना सांगितले.

ज्या टेकडीवर आम्ही ईशज्ञानाचे धडे गिरवले, तिला सेंट चार्ल्स सेमिनरीमुळेच ‘सेमिनरी हिल्स’ हे नाव मिळाले. आज त्याच परिसरात वनविभागाचे ‘ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर’ आहे. जखमी वन्य पशुपक्ष्यांवर तेथे उपचार होतात. मात्र तेथे पोहोचेपर्यंत त्यांचे प्राण आपल्याच हाती असतात. अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढू नये. जखमेत रुतलेला भाग तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी दोरा कापावा. पक्ष्याला सुती कापडात सैलसर गुंडाळून भोके पाडलेल्या खोक्यात शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. चोचीत बळेच पाणी वा दूध ओतू नये. पक्षी उंचावर असेल तर स्वतः न चढता अग्निशमन दलाला बोलवावे. तारांजवळ तर मुळीच जाऊ नये.

येत्या संक्रांतीपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय निघावा, आणि घरात कोणता दोरा येतो आहे हे आईवडिलांनी स्वतः पाहावे. पहाटे व सायंकाळी पाखरे थव्याने उडतात. त्या वेळी पतंग खाली उतरवावेत. सणाच्या दुसऱ्या दिवशी युवक मंडळाने गल्लीत व मैदानात पडलेला मांजा गोळा करून, बारीक तुकडे करून कचऱ्यात द्यावा. एका सकाळचे हे काम आहे. मीही त्यांच्याबरोबर येईन.