माडीवरचा वर्ग

मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीपासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर आहे. त्याच्या माडीवर एके काळी गुळाच्या ढेपा रचलेल्या असत. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच माडीवर मी स्पॅनिश भाषेचा वर्ग भरविला. शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले होते, आणि मुलगी स्पेन देशात राहावयास गेल्यामुळे उतारवयात ती भाषा शिकले होते. वर्ग काढावा असे मात्र माझ्या मनातही नव्हते. तो काढावयास लावला फुटबॉलने.

आमच्या पेठेचे फुटबॉलचे वेड साऱ्या कोल्हापुरास ठाऊक आहे. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत असे फटाके वाजले, की जणू तो चषक आपल्या शाहू स्टेडियमवरच आला आहे! पुढे काही दिवसांनी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेली चार मुले दारात उभी राहिली.

"बाई, मेस्सी कोणती भाषा बोलतो?"

"स्पॅनिश."

"मग ती आम्हांला शिकवा की!"

सुट्टीत शिकवीन, असे सांगून मी त्यांची बोळवण केली. मे महिना उजाडला आणि चाराची चौदा झाली.

पहिल्याच दिवशी मी फळा क्रियापदांच्या रूपांनी भरून टाकला. चौथ्या दिवशी समोर सहाच मुले उरली, आणि त्यांचेही कान खाली गल्लीत आपटणाऱ्या चेंडूकडे होते. शेवटच्या रांगेत सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा बसे. तो येई नियमाने, पण तोंड उघडीत नसे. शाळेत इंग्रजीचा धडा वाचताना त्याने 'नाइफ' या शब्दातील पहिल्या अक्षराचाही स्पष्ट उच्चार केला होता. वर्ग खो-खो हसला, आणि तेव्हापासून तो मोठ्याने वाचेनासा झाला, असे त्याच्या मित्राने मला हळूच सांगितले. ते ऐकून मी ओशाळले. असे हसू माझ्याही वर्गात कितीदा पिकले असेल, आणि मी ते थांबविले होते का?

त्या रात्री भांडी घासताना हातातला साबण निसटला आणि मला एक युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी मी एक बादली पंचाने झाकून माडीवर आणली. मुलांनी आत हात घालून, न पाहता, लागेल ती वस्तू ओळखावयाची आणि तिचे नाव सांगावयाचे. साबण निघाला. मी म्हटले, स्पॅनिशमध्ये 'खाबोन'. चावी निघाली, ती 'यावे'. पपई 'पापाया', आणि खुद्द बादली म्हणजे 'बाल्दे'. मुले चकित झाली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, आणि त्यांच्याबरोबर साबण, चावी, बादली, पगार असे कितीतरी शब्द आपल्या घरात येऊन राहिले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या पोटच्या बहिणी. म्हणून हे साम्य. 'पाव' या शब्दाने मात्र घोटाळा केला, कारण स्पॅनिशमध्ये त्याला 'पान' म्हणतात. पुढे कित्येक दिवस ही मुले बेकरीत जाऊन "चार पान द्या" म्हणत आणि बेकरीवाला त्यांना पानपट्टीचे दुकान दाखवी!

मग फळा मागे पडला. आपला 'शिवाजी म्हणतो' हा खेळ त्या देशांतही आहे. तिथे शिवाजीच्या जागी सिमोन असतो. "सिमोन दीसे" म्हटले तरच उठावयाचे, नाहीतर बाद. माडीच्या फळ्या अशा दणाणत, की खालून आमच्या सासूबाई काठी आपटीत.

सर्वांत रंगला तो मेक्सिकोचा 'लोतेरिया'. प्रत्येकाजवळ सोळा चित्रांचा पुठ्ठा असतो. एकजण गठ्ठ्यातील पत्ते एकेक काढून नाव पुकारतो, आणि ते चित्र ज्याच्याजवळ असेल तो त्यावर खूण ठेवतो. मेक्सिकोत खुणेसाठी घेवड्याचे दाणे वापरतात. आम्ही चिंचोके घेतले. चित्रे मुलांनीच काढली. सूर्य, चंद्र, कोल्हापुरी चप्पल, आणि साठमारीची आठवण म्हणून हत्ती. प्रत्येक चित्राखाली मी स्पॅनिश नाव लिहिले.

पुकारावयाचे कोणी? मी पत्त्यांचा गठ्ठा शेवटच्या रांगेत नेऊन ठेवला. तो मुलगा खाली मान घालून बसला. मी त्याला सांगितले, "या भाषेत जवळजवळ जसे लिहितात तसेच वाचतात. एच हे अक्षर तेवढे मुके. बाकी तुला दिसेल ते म्हण." बराच वेळ शांतता होती. माझ्याच छातीत धडधडू लागले; पुन्हा कोणी हसले असते, तर हा मुलगा माडी कायमची सोडून गेला असता. शेवटी त्याने पहिला पत्ता उचलला. "एल... सोल." मग "ला लूना". मग एकही अक्षर न गाळता, "एल एलेफान्ते!" चिंचोके भराभर पडू लागले. उच्चाराकडे कोणाचे लक्षच नव्हते. जो तो आपल्या पुठ्ठ्यात गुंतलेला. त्या दिवशी त्याने सगळे पत्ते दोनदा पुकारले.

शेवटच्या आठवड्यात आवडीनिवडी सांगण्याचा खेळ होता. चेंडू ज्याच्या हाती येईल त्याने आपली आवड सांगावयाची. इंग्रजीत आवडण्याचे काम 'मी' करतो. आपण मात्र म्हणतो, 'मला पाव आवडतो'. आणि स्पॅनिश माणूसही अगदी तसेच, "मे गुस्ता एल पान" म्हणतो. चेंडू माझ्याकडे आला. समोर परड्यात दोन पपया होत्या. मी ऐटीत म्हटले, "मे गुस्ता लास पापायास."

"चुकलं, बाई!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. "गुस्तान! पपया दोन आहेत. पपया 'आवडतात'."

सगळी माडी हसली, मीही हसले. तो उठून पुढे आला, फळ्यावर माझी चूक स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, आणि मग पपया कापावयास सुरी मागू लागला.