वाक्याचा कर्ता कोण?

अर्थशास्त्राचे प्रबंध मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, कधी मार्गदर्शक म्हणून, कधी परीक्षक म्हणून. परीक्षकाला पटवायचे ते तक्त्यांनी आणि सूत्रांनी, असे विद्यार्थी धरून चालतात आणि भाषेवर हात फिरवायचे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मला मात्र प्रबंध पटतो किंवा फसतो तो बहुधा क्रियापदापाशी.

मुंबईच्या गिरणगावावरचा एखादा प्रबंध घ्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाच्या प्रकरणात ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या’ हे वाक्य हमखास भेटते. ‘बंद पडल्या’ म्हटले की कोणी काही केलेच नाही, सगळे आपोआप घडले. ‘मालकांनी गिरणी बंद केली’ असे लिहायचे तर कोणती गिरणी, कधी, कोणती कारणे दाखवून आणि पुढे तिच्या जमिनीचे काय झाले, हे सगळे शोधावे लागते. हे वाक्य लेखकाला दफ्तरखान्यात पाठवते, म्हणूनच ते परीक्षकाला पटते. याच गिरणगावातल्या लालबाग-परळमध्ये वाढलेली मुलेही पहिलेच वाक्य लिहितात, तेव्हा मला फार वाईट वाटते. घरात त्यांनी ही हकीकत माणसांच्या नावांनिशी ऐकलेली असते.

कर्ता न लपवता प्रबंध कसा लिहावा, याचे सर्वांत मोठे उदाहरण परळचेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड १९३४ पर्यंत परळच्या बीआयटी चाळीत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी दिलेला त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी आहे तसा स्वीकारला नाही. त्यातील ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली, अशी हकीकत चरित्रांतून येते. संस्थेतल्या त्यांच्या फायलीत मात्र तसा शेरा नाही. पैसे संपत आल्याने ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले. निष्कर्ष तेच ठेवून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. ऑगस्टमध्ये तो पुन्हा दाखल झाला, नोव्हेंबरमध्ये मान्य झाला आणि लगोलग लंडनच्या पी. एस. किंग यांनी छापलाही.

छापील ग्रंथ मवाळ मुळीच नाही. समोर अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स होते. १९१३ च्या पुस्तकात त्यांनी हिंदुस्थानातल्या, रुपयाचा दर सोन्याशी बांधणाऱ्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. १८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीच्या खुल्या नाणेपाडणीसाठी टांकसाळी बंद झाल्या, तिथून बहुतेक लेखक चलनाची कथा सुरू करत. आंबेडकर त्याच्या कितीतरी मागे जातात, समित्यांचे अहवाल उलगडतात आणि मगच या पद्धतीवर घाव घालतात.

तिसऱ्या प्रकरणावर माझा विशेष जीव आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते, म्हणून देशाचा फायदा होतो, असे तेव्हा मांडले जाई. आंबेडकर विचारतात, फायदा कोणाचा? किमती चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. तेव्हा निर्यातदाराचा नफा मजुराच्या तुटीतून येतो. ‘देश’ हा ऐसपैस शब्द बाजूला सारला की तिथे दोन वर्ग समोरासमोर दिसतात. गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याचे मला नवल वाटत नाही. १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी तोच धागा धरला.

त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, हे त्यांनी तिथेच नोंदवले आणि विचारांच्या ताजेपणाला मनमोकळी दादही दिली. असहमत वाचकाकडून अशी दाद मिळवणे, हीच माझ्या मते प्रबंधाच्या भाषेची खरी परीक्षा.

आजच्या प्रबंधांत मात्र ‘निर्विवादपणे सिद्ध होते’ आणि ‘असे दिसून येते’ या दोन टोकांमध्ये लेखन हेलकावे खाते. पहिल्यात पुराव्यापेक्षा आवाज मोठा असतो, दुसऱ्यात पाहणाराच गायब असतो. ‘या तीन गिरण्यांच्या कागदपत्रांवरून मला असे वाटते’ हे वाक्य दिसायला साधे आहे, पण त्यात पुराव्याची हद्द आहे आणि लेखकाची जबाबदारीही.

संशोधक मित्रांनो, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. आपला प्रबंध बांधणीला देण्याआधी या ग्रंथाचे तिसरे प्रकरण वाचा आणि मग आपल्या प्रत्येक वाक्याला त्याचा कर्ता विचारा.