तिघांत एक रुपया

रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हाचा हिशेब. सदाशिव पेठेतला वाडा, वडील गेलेले, भाऊ तीन, आणि मागच्या चौकातल्या बिऱ्हाडाचं भाडं महिना एक रुपया. वाडा माझ्या कल्पनेतला आहे, हिशेब खरा.

सोप्यात सतरंजीवर चार पावल्या मांडल्या. तिघांनी एकेक उचलली, एक उरली. तिचे चार आणे केले. पुन्हा एकेक, पुन्हा एक उरला. आण्याचे चार पैसे, तीच गत. प्रत्येकाच्या मुठीत पावली, आणा, पैसा. आणि मधे एक पैसा तसाच पडलेला. हे मोडणं कधी संपायचंच नाही. पण उरलेलं कुणा चौथ्याचं थोडंच आहे? तेही तिघांचंच. म्हणून पाव, पावाचा पाव, त्याचाही पाव ही न संपणारी बेरीज बरोबर एक तृतीयांश होते.

शाळेत सूत्र मिळतं: पहिलं पद भागिले एक वजा गुणोत्तर. पाव भागिले पाऊण. उत्तर चोख येतं, पण त्यात भाऊ कुठे दिसत नाहीत, याची मला चुटपुट आहे.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) चढती श्रेढी घातली: पहिल्या दिवशी दोन कवड्यांचं दान, मग रोज दुप्पट. महिन्याअखेर २,१४,७४,८३,६४६ कवड्या! दाता आमच्या पेठेतला नसावा. उतरत्या, अनंत बेरजेला हात घातला केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी, ‘आर्यभटीया’वरच्या भाष्यात. श्रेढी हीच, पावाची. सतत वाढणारी बेरीज तेवढ्यावरच का थांबते, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी नजर ठेवली ती बाकीवर. एक तृतीयांशातून पाव वजा करा, बारावा हिस्सा उरतो, म्हणजे पावाचा तिसरा भाग. पुढेही तसंच: कुठेही थांबा, उणीव शेवटच्या पदाच्या एक तृतीयांश.

आमच्या भावांचं शेवटचं पद पैसा. त्याचा तिसरा भाग म्हणजे पै! तीन पयांचा एक पैसा. जिथे नीलकंठांना अनंत पदं लागतात, तिथे टांकसाळीनं एका नाण्यात काम भागवलं. प्रत्येकी पाच आणे चार पै, वाटणी पुरी.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तिघांना तेहेतीस-तेहेतीस, आणि मधे पुन्हा एक. त्याहून लहान नाणं सरकारनं पाडलंच नाही. तो थोरल्यानं ठेवून घेतला असणार.