काकांचा जनरल

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत मी वाढलो. वडील कारखान्यात होते आणि मागच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहणारे दरबानकाका गेटवर ड्यूटीला असत. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन ते कोल्हापूरकडून इथे आले होते. पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, ती सारी काकांची पुण्याई.

रात्रपाळी नसली की काका ओट्यावर बसत आणि कडुनिंबाच्या काडीने अंगणात इटली काढत. रेघ म्हणजे नदी, खडा म्हणजे डोंगर. ११ मे १९४४ ची रात्र त्यांना तोंडपाठ होती. खाली गारी नदीवर काकांची आठवी भारतीय डिव्हिजन, वर माँते कॅसिनोच्या डोंगरावर जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांचे पोलिश सैनिक. त्यांचा पहिला हल्ला परतवला गेला, ते पुन्हा चढले आणि १८ मे रोजी तिथल्या मठाच्या ढिगाऱ्यावर त्यांचं निशाण लागलं.

पण काकांना जनरलचं मोठेपण दिसे ते त्याच्याही आधीचं. १९३९ साली रशियनांनी अँडर्सना पकडून मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात टाकलं. हिटलर रशियावर उलटला, तेव्हा १९४१ मध्ये ते सुटले आणि रशियाभर विखुरलेल्या पोलिश कैद्यांची त्यांनी फौज उभी केली. १९४२ मध्ये ती इराणला नेताना बायकापोरांनाही बरोबर घेतलं. उपाशी फौजेला ही खाणारी तोंडं जडच होती, तरी मागे टाकली नाहीत. त्यांतलीच सुमारे पाच हजार माणसं पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आली. काकांचं गाव तिथून जवळच. त्यांची आई छावणीत भाजी विकायला जायची.

एक प्रसंग काका दरवेळी सांगत. इटलीत एका पोलिश शिपायाने खिशातून बायकोचं पत्र काढलं. घड्या पडून पाकीट फाटायला आलं होतं, त्यावर कोल्हापूरचा शिक्का. काकांनी शिक्क्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. तो गडी काकांच्या गळ्यात पडून रडला.

१९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला. अँडर्सच्या बहुतेक सैनिकांची गावं तिकडचीच. तरीही ९ एप्रिलला, ज्या दिवशी सेनिओ नदीवर काकांच्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, शेजारच्या आघाडीवर हेच पोलिश लढत होते. “लेकरा, घर ऱ्हायलं न्हाई तरी गडी लढत हुता, ध्यानात ठेव,” काका म्हणत. मी ध्यानात ठेवलं. पराक्रम मोजायचा तर तिथून मोजावा, असं मला आजही वाटतं.

१९४६ मध्ये पोलंडच्या नव्या सरकारने अँडर्सचं नागरिकत्वच काढून घेतलं. १९७० साली ते लंडनमध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना कॅसिनोला, आपल्या सैनिकांशेजारी पुरलं. वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये उठली आणि त्या बराकींत फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच.

पाठ्यपुस्तकात अँडर्सच्या या कहाणीला जेमतेम ओळभर जागा. वर्गात दुसरं महायुद्ध आलं की मी कॅसिनोच्या निशाणापाशी थांबत नाही. घंटा झाली तरी मुलांना याल्टापर्यंत नेतो, मगच सोडतो.